सूर्याकडे पाठ

आमच्या घरी माळ्यावर एक सागवानी काठी आहे. लांबीला माझ्या खांद्यापर्यंत येईल एवढी, जुन्या चादरीत गुंडाळलेली. दिवाळीच्या साफसफाईत ती हाताला लागली की मी ती परत आत सरकवते. यजमान म्हणतात, मोडून टाकू, बंबात घालू. मी नको म्हणते. का नको, ते मला नीट सांगता येत नाही.

मी भूगोलाची शिक्षिका. पंचवटी ओलांडून पुढे गेलं की जिथे शहर संपल्यासारखं वाटतं आणि गुलाब-शेवंतीची वावरं सुरू होतात, तिथल्या शाळेत मी सव्वीस वर्षं काढली. अक्षांश-रेखांश शिकवताना मुलांचे डोळे मिटायला लागतात, हा माझा कायमचा अनुभव. त्यात माझा स्वभाव असा की वर्गात कुणी जांभई दिली तर मला ती माझ्या तोंडावर मारल्यासारखी वाटते. म्हणून त्या वर्षी मी ठरवलं, पुस्तक बाजूला ठेवायचं आणि जुने खलाशी भर समुद्रात आपली जागा कशी शोधायचे तेच मुलांकडून करून घ्यायचं.

गोष्ट तशी सोपी आहे. भर दुपारी सूर्य किती उंचावर चढला ते मोजायचं, तो आकडा नव्वदातून वजा करायचा, त्यातून त्या दिवसाचा पंचांगातला आकडा वजा-जमा करायचा, की आपण विषुववृत्तापासून किती लांब आहोत ते कळतं. नाशिकचं उत्तर वीस अंश यायला हवं. रात्री ध्रुवतारा मोजला तरी तेच येतं. आपल्या कोकणातले आणि अरबस्तानातले तांडेल एक लहानशी फळी घ्यायचे, तिच्या गाठी मारलेल्या दोरीचं टोक दातात धरायचे आणि ध्रुवाची उंची मापायचे. हे मी सांगितलं तेव्हा वर्ग जागा झाला. दातात दोरी म्हटल्यावर मुलांना मजा वाटली.

यजमान तेव्हा ओझरला विमानांच्या कारखान्यात होते. यंत्रं तपासण्याचंच काम, त्यामुळे हात एकदम नेमका. त्यांनी मला दोन यंत्रं करून दिली. पहिली ही काठी. तिच्यावर एक आडवी पट्टी पुढे-मागे सरकते. काठीचं टोक डोळ्याखालच्या हाडाला टेकवायचं आणि पट्टी सरकवत न्यायची. तिचं खालचं टोक क्षितिजाला आणि वरचं सूर्याला लागलं की काठीवरचा आकडा वाचायचा. मुलांनी तिला फुलीकाठी नाव ठेवलं. दुसरं यंत्र त्यानंतरच्या काळातलं. ते धरायचं सूर्याकडे पाठ करून. वरच्या पट्टीची सावली समोरच्या पट्टीवर पडते आणि माणूस फक्त ती सावली आणि क्षितिज बघतो. ती झाली पाठकाठी. तिच्यावरून मुलांनी गटागटासाठी पुठ्ठ्याच्या आणखी करून घेतल्या.

यजमानांनी दोन्ही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पहिल्या काठीनं पाण्याची टाकी मोजा, झाड मोजा. सूर्य मोजायचा तो फक्त दुसरीनं. आणि प्रयोगाच्या दिवशी ही पहिली कपाटात कुलपात ठेव."

"मी काय शाळेतली पोर आहे का?" मी म्हणाले.

नाशिकला क्षितिज कुठलं? चहूकडे इमारती नाहीतर डोंगर. मग आम्ही मैदानाच्या भिंतींवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला चुन्याची रेघ मारली, चारी बाजूंनी. तोच आमचा समुद्र. मुलांनी आपणहून रेघेखाली मासे काढले.

वर्गात मी सांगितलं की फुलीकाठीवाले कप्तान वर्षानुवर्षं सरळ सूर्यात बघायचे आणि त्यात कितीकांचा एक डोळा जायचा, असं म्हणतात. मग मी एका डोळ्यावर हात ठेवून काण्या कप्तानाची नक्कल केली. वर्ग हसून हसून लोळला. ती नक्कल आठवली की आजही माझे कान तापतात.

नववीतल्या एका मुलीचा हात सगळ्यांत स्थिर होता. घरची फुलशेती. पहाटे वडिलांबरोबर फुलं खुडायची, सुईदोऱ्यानं हार गुंफायची आणि मग शाळेत यायची. तिनं टाकीची उंची मोजली की अर्ध्या अंशाचाही फरक पडायचा नाही. बोलायची कमी. कुणी हसलं तर हसायची, पण सगळ्यांच्या मागून. मुलींच्या गटाची प्रमुख मी तिलाच केलं.

प्रयोगाला मी रथसप्तमीचा दिवस निवडला. सूर्याचा सण, सकाळी शाळेत सूर्यनमस्कार, पालक आलेलेच असतात. एका दगडात दोन पक्षी. आपल्याकडे सूर्य माथ्यावर यायला घड्याळात पाऊण वाजून जातो, तोवर प्रदर्शन मांडायचं. फुलीकाठीही मी टेबलावर मांडली. खाली सुबक अक्षरात चिठ्ठी लावली, "जुने यंत्र, वापरू नये". यजमानांचं कुलूप मला आठवलं होतं. पण टेबल रिकामं दिसत होतं, आणि मला ते भरलेलं हवं होतं.

पाऊण वाजायच्या सुमारास मी पालकांना चहा देत होते. मुलं मैदानात सूर्याकडे पाठ करून उभी होती, आपापल्या पाठकाठीशी. म्हणजे मला तसं वाटत होतं. मी सकाळी दहादा बजावलं होतं, सूर्य चढायचा थांबेपर्यंत माप सोडायचं नाही, दर मिनिटाला आकडा लिहायचा, धीर सोडला त्याचा प्रयोग फुकट गेला.

एक वाजता सगळे आकडे घेऊन आले. कुणाचे एकोणपन्नास, कुणाचे साठ. एका गटाच्या हिशोबानं नाशिक पार राजस्थानात गेलं. ती मुलगी शेवटी आली. तिच्या वहीत पंधरा आकडे ओळीनं होते आणि शेवटचा चोपन्नच्या अगदी जवळचा. मी फळ्यावर वजाबाकी केली. वीस! मी सगळ्या शाळेसमोर तिची पाठ थोपटली, मुलांना टाळ्या वाजवायला लावल्या. तिचा उजवा डोळा लाल होता आणि पाणी गळत होतं. मला वाटलं, पोरीला कौतुकानं भरून आलं.

दुसऱ्या दिवशी चौथ्या तासाला मी नकाशा दाखवत होते. ती मान वाकडी करून, कोंबडी दाण्याकडे बघते तशी फळ्याकडे बघत होती. मी विचारलं, मान धरलीय का? तास संपल्यावर ती माझ्या टेबलाशी आली.

"बाई, हा डोळा झाकला ना, की तुमचं तोंड दिसत नाय."

तिनं डावा डोळा झाकला होता.

"दिसत नाही म्हणजे?"

"कडेचं दिसतं. केस दिसतात, कानातलं दिसतं. मधोमध काळं हाय. शेवंतीएवढं."

मी तिला विचारलं, तू पाठकाठी वापरली होतीस ना? तिनं मान हलवली, नाही म्हणून. टाकीमागे जाऊन तिनं फुलीकाठीनं मोजलं होतं. पंधरा वेळा. प्रत्येक वेळी सूर्याच्या टोकाला पट्टी नीट लागेपर्यंत.

"अगं पण का? मी किती वेळा सांगितलं होतं!"

"रथसप्तमी होती ना, बाई. देवाला पाठ कशी दाखवायची?"

ती हे अगदी साधेपणानं म्हणाली. मी स्वतः देवळातून निघताना दोन पावलं उलटी चालते. घरी आरती झाल्यावर देव्हाऱ्याकडे एकदम पाठ करत नाही. आणि तीस पोरांना सूर्याच्या सणाला, सूर्याकडे पाठ करून उभं राहा असं मी सांगितलं, तेव्हा हे माझ्या मनात एकदाही आलं नाही. बाकीच्यांनी ऐकलं, कारण त्यांना खेळ वाटला. तिला तो खेळ वाटला नाही.

आता जे लिहिते ते लिहिताना लाज वाटते. माझ्या मनात पहिला विचार तिच्या डोळ्याचा आला नाही. पहिला आला तो मुख्याध्यापकांचा, दुसरा पालकांचा, तिसरा वर्तमानपत्राचा. मी तिला म्हणाले, "झोप झाली नसेल तुझी. आज लवकर झोप, उद्या बघू. घरी उगाच घाबरवू नकोस त्यांना." ती बरं म्हणाली आणि गेली.

घरी मी यजमानांना सांगितलं. ते जेवत होते. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला.

"तू तिला घरी सांगू नको म्हणालीस?"

एवढंच बोलले. माझ्यावर ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

सकाळी मी स्कूटरवरून तिच्या वावरात गेले. रस्ता दहा मिनिटांचा, पण मी दोनदा थांबले. एकदा तर स्कूटर वळवलीही होती. तिच्या वडिलांना मी ओळखत होते. उंच माणूस, आवाज पहाडी. फूलबाजारात त्यांनी एकदा वजनात मारणाऱ्या व्यापाऱ्याची कॉलर धरली होती, ती गोष्ट मुलं शाळेत रंगवून सांगायची. मला वाटलं, आज माझी पाळी.

ते शेवंतीत उभे होते. मी सगळं सांगितलं. काठी टेबलावर का होती, तेही सांगितलं, आणि आदल्या दिवशी मी तिला गप्प बसवलं, तेही. मग त्यांनी वळून तिला हाक मारली. ती ओसरीवर हार गुंफत होती.

"डावा डोळा झाक. सुईत दोरा घाल."

तिनं दोरा घातला. म्हणजे घालायला गेली. दोरा सुईच्या बाजूनं गेला. परत गेला. तिसऱ्यांदा बोटाला सुई टोचली आणि तिनं बोट तोंडात घातलं. तिचे वडील खाली मातीत बसले.

"मी रोज सकाळी पाणी घालतो सूर्याला," ते म्हणाले. "तांब्याच्या धारेतून बघायचं, डोळं चांगलं राहत्यात, असं मीच शिकवलं व्हतं तिला. आन् पाठ नाय दाखवायची, तेबी मीच."

मला वाटलं होतं ते मला शिव्या देतील. मी त्या शिव्यांची तयारी करून गेले होते. आता त्या आल्या नाहीत आणि माझ्याजवळ काहीच उरलं नाही. मी त्यांच्या बांधावर उभी राहून रडले.

डोळ्यांच्या दवाखान्यात तिघं गेलो. डॉक्टरांनी डोळ्यात औषध घातलं, यंत्रातून बराच वेळ पाहिलं. आतला पडदा मधोमध भाजला होता. भिंगानं कागद जळतो ना, तसं, म्हणाले. मी विचारलं, ऑपरेशन? नाही. थेंब, गोळ्या? नाही. काल आणलं असतं तर? कालही काही करता आलं नसतं, म्हणाले. त्या उत्तरानं माझ्या जिवाला थोडं बरं वाटलं आणि तसं वाटल्याचाही मला राग आला.

"वाट बघायची. बऱ्याच जणांचं सहा महिने-वर्षात भरून येतं. काहींचं थोडं राहतं. दुसरा डोळा चांगला आहे, त्यामुळे दोन्ही उघडे असताना फारसं अडणार नाही."

त्यांनी एक कागद दिला. चौकोनी घरं आखलेला, मधोमध एक ठिपका. डावा डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं आणि किती घरं पुसलेली दिसतात ते सांगायचं.

तो कागद मी माझ्या पर्समध्ये ठेवला. रोज प्रार्थनेआधी शिक्षकखोलीत मी तो तिच्यापुढे धरायचे. पहिल्या दिवशी ती म्हणाली, नऊ घरं. महिनाभर नऊच. मग आठ. सात. परत आठ. मला त्या कागदाचं वेड लागलं. बसस्टॉपवर उभी असताना मी माझा एक डोळा झाकून समोरच्या पाट्या वाचायचे आणि मधली अक्षरं नसतील तर कसं, ते आठवून घाबरायचे. वर्गात कुणी डोळा चोळला तरी मी त्याच्या बाकाशी धावायचे. खिडकीतून ऊन आलं की मी पडदा ओढायचे. मुख्याध्यापकांना मी लेखी कळवलं, त्यांनी समज दिली, नोकरी राहिली. ज्या नोकरीसाठी मी एक दिवस गप्प बसले होते, तिचं मला पुढे काही वाटेनासं झालं. भीती होती ती फक्त त्या कागदाची. रोज सकाळी शाळेच्या फाटकाशी ती दिसली की मला वाटायचं, आज ती म्हणणार, दहा.

पावसाळ्यात पाच झाली, मग तीन. डॉक्टर म्हणाले, छान भरतंय, दोन महिन्यांनी परत या. श्रावण-भाद्रपदात फुलांना मरणाची मागणी, तिच्या घरच्यांना जेवायला फुरसत नसते. दवाखाना राहिला. आणि नवरात्राच्या आधी एका सकाळी ती कागदाकडे बघत म्हणाली, "बाई, आज काळं नाय दिसत. सगळी घरं हायेत."

"नक्की?"

"नक्की."

मी तिला तिथेच छातीशी धरलं. शिक्षकखोलीत पेढे वाटले. शिपायाला दोन दिले. कागदाची घडी घालून देवापुढे ठेवली आणि त्या रात्री कित्येक महिन्यांनी मला गाढ झोप लागली.

माघ आला. मी या वर्षी काही करणार नव्हते. रथसप्तमीला रजाच टाकणार होते. पण आठवडाभर आधी ती माझ्याकडे आली. आता दहावीत होती.

"बाई, मला एक सुचलंय. पाठ न दाखवता मोजता येतं. मैदानात एक काठी सरळ उभी करायची. दुपारी सावली उत्तरेला पडते ना? आपण सावलीच्या टोकाशी उभं राहायचं. म्हंजे तोंड सूर्याकडंच आणि नजर खाली. नमस्कार करताना आपण खालीच बघतो की."

काठीची उंची आणि सावलीची लांबी, बस्स. आपल्याकडे फार जुन्या काळापासून असंच मोजत आले होते, हे मी स्वतः पुस्तकात वाचलं होतं. मला काही ते आठवलं नव्हतं.

रथसप्तमीच्या दुपारी तिचे वडीलही आले, हातात तांब्या घेऊन. मुलं काठीभोवती गोल बसली. मी प्रत्येकाला टोपी घालायला लावली होती आणि सगळ्यांच्या माना खाली आहेत ना, ते बघत घिरट्या घालत होते. ती सावलीच्या टोकाशी उकिडवी बसली, हातात खडू. दर मिनिटाला टोकावर खूण करायची.

"एका डोळ्यानं बघ, नेमकं येईल," गर्दीतून कुणीतरी पोरगं ओरडलं.

तिनं डावा डोळा मिटला. खडू सावलीवर नेला. आणि जिथे टोक होतं तिथे खूण न करता तिनं ती दोन बोटं पलीकडे, उन्हात केली.

मला वाटलं हात चळला. पुढच्या मिनिटाला परत तसंच. मग तिनं मान वाकडी केली. कोंबडी दाण्याकडे बघते तशी.

मी तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसले. जमीन तापली होती. मी हळू आवाजात विचारलं, "किती घरं?"

"तीन."

"केव्हापासून?"

"तीनाच्या पुढं हललंच नाय, बाई."

"मग सगळी घरं आहेत असं का म्हणालीस?"

तिनं दोन्ही डोळे उघडले आणि चुकीच्या खुणा तळहातानं पुसल्या.

"तुम्ही कागद धरायचात ना," ती म्हणाली, "तेव्हा तुमचा हात लय कापायचा. म्हटलं, सगळी दिसतात म्हणलं की थांबंल."

मग दोन्ही डोळ्यांनी नीट बघून तिनं सावलीच्या टोकावर खडू टेकवला.